पांढरा पाव, तपकिरी पाव आणि घरची कणीक

काही महिन्यांपूर्वी दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. त्यांना सात-आठ वर्षांपासून मधुमेह आहे. खुर्चीवर बसता बसताच ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगितल्यापासून पांढरा ब्रेड घरात येत नाही. सकाळी चहाबरोबर चार स्लाइस ब्राऊन ब्रेडच खातो. तरी साखर हटत नाही. हे कसं काय?" मी म्हटले, "उद्या ते पाकीट घेऊन या." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली. पहिलाच शब्द होता मैदा. मग साखर, तेल, मीठ, थोडासा गव्हाचा कोंडा आणि शेवटी कॅरामल नावाचा रंग. म्हणजे गुरुजी इतके दिवस जवळपास पांढराच पाव खात होते, फक्त तो रंगवलेला होता.

गुरुजींना चार समजुतीच्या गोष्टी सांगून मी मोठ्या तोऱ्यात घरी आले. रात्री फ्रिज उघडला, तर आमच्याही घरात तसेच पाकीट! मुलांच्या डब्यात आठवड्यातून चार दिवस ब्रेड-जॅम जात होता. आठ वर्षांच्या धाकट्याला शौचाला खडा होऊन रक्त पडत असे, आणि मी त्याला महिन्यामागून महिने पातळ औषध पाजत होते. यजमानांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी ६.२ आली होती. ५.७ ते ६.४ या दरम्यानचा आकडा म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. लोकांना आहार सांगणाऱ्या बाईच्या घरातली ही कथा. आणि गंमत अशी की, मे महिन्याच्या उन्हात वाळवून, एरंडेल लावून ठेवलेला वर्षाचा लोकवन गहू आमच्या कोठीत भरलेला होता. कोठीत गहू आणि टेबलावर मैदा, अशी आमची तऱ्हा!

वाचकहो, ही तऱ्हा एकट्या आमच्या घरची नाही, म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहिते.

दाण्यातले काय जाते?

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. वरचे टरफल म्हणजे कोंडा. तो वजनाने दाण्याच्या साधारण १४ टक्के असतो. टोकाला अंकुर असतो, तो जेमतेम अडीच टक्के. उरलेला सगळा आतला पांढरा गाभा, म्हणजे मुख्यतः पिष्ट पदार्थ. मैदा करताना कोंडा आणि अंकुर काढून टाकतात. तंतुमय भाग, ब जीवनसत्त्वे, लोह, मॅग्नेशियम आणि जस्त यांचा मोठा वाटा याच दोन भागांत असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतुमय भाग असतो, तर तेवढ्याच मैद्यात पावणेतीन ग्रॅम. हिशेब करून पाहा. दोन मध्यम पोळ्यांना ६० ग्रॅम कणीक लागली, तर पोटात पावणेसात ग्रॅम तंतू गेले. तेवढ्याच मैद्याच्या पावातून जेमतेम पावणेदोन ग्रॅम जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला रोज किमान २५ ग्रॅम तंतू हवेत. सहा ते नऊ वर्षांच्या मुलालाही २१ ग्रॅम लागतात. ब्रेड-जॅमच्या डब्याने हा आकडा गाठणार कसा?

हे तंतू पचत नाहीत, आणि तोच त्यांचा गुण. ते पाणी धरून ठेवतात, त्यामुळे मळ मऊ राहतो. अन्न पुढे सरकण्याचा वेग ते आवरतात, त्यामुळे जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. पोट भरल्याची भावनाही टिकते. मैद्याचा पाव खाऊन शाळेत गेलेले मूल दहा वाजताच "भूक लागली" म्हणते, त्यात त्याचा हट्ट नसतो.

आपल्या देशात हा प्रश्न किरकोळ राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर उभे आहेत. याला एकटा पाव जबाबदार नाही, हे खरे. पण रोजच्या ताटातले धान्य हा त्यातला मोठा भाग आहे आणि तो बदलणे आपल्या हातात आहे.

मग मैदा आला कशासाठी?

पाव हा शब्दच पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला. गोव्यात कोंड्यासह भाजलेला पोय आजही मिळतो, म्हणजे पाव पांढराच असला पाहिजे असा काही नियम नाही. एकोणिसाव्या शतकात पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या आणि कोंडा, अंकुर वेगळे काढणे सोपे व स्वस्त झाले. अंकुरात तेल असते, त्यामुळे सगळ्या दाण्याचे पीठ लवकर खवट होते. मैदा मात्र महिनोन्महिने टिकतो, शुभ्र दिसतो आणि चांगला फुगतो. व्यापाराला हेच सोयीचे होते.

दुसऱ्या महायुद्धात धान्याची जहाजे वाचवण्यासाठी ब्रिटन सरकारने १९४२ साली पांढरा पाव बंद करून बराचसा कोंडा राखलेल्या पिठाचा करडा पाव सुरू केला. लोकांनी नाके मुरडली, पण खाल्ला. पुढे बंधने उठली आणि लोक पुन्हा पांढऱ्याकडे वळले. सक्तीने बदललेली चव टिकत नाही, हा धडा मला माझ्या घरातही मिळाला.

आमचा फसलेला आणि जमलेला प्रयोग

दुसऱ्याच दिवशी मी फर्मान काढले, "उद्यापासून पांढरा ब्रेड बंद!" आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्या चाचांना घरची कणीक देऊन निव्वळ कणकेचा पाव करून घेतला. तो विटेसारखा झाला. मुलांचे डबे जसेच्या तसे परत आले. यजमान काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसबाहेर वडापाव खाऊन आले.

सासूबाई निफाड तालुक्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. हे सगळे पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, जनावराचा चारासुद्धा एकदम बदलत नाहीत. आधी जुन्यात नवा थोडा मिसळतात. ही तर लेकरं आहेत!" वैद्यकाच्या पुस्तकात मी जे वाचले होते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. तंतू एकदम वाढवले, तर आतड्यालाही ते झेपत नाहीत. पोट फुगते, गुरगुरते, आणि माणूस पुन्हा जुन्यावर येतो.

मग नव्याने सुरुवात केली. पहिले दोन आठवडे एक भाग कणीक, तीन भाग मैदा. पुढचे दोन आठवडे निम्मे-निम्मे. त्यानंतर तीन भाग कणीक, एक भाग मैदा. चाचांनीही त्यांच्या धंद्यातली गोष्ट सांगितली, "मॅडम, कणकेला पाणी जास्त लागतं आणि घाई चालत नाही." ते खरे आहे. पीठ फुगण्यासाठी त्यात ग्लुटेनचे चिवट जाळे तयार व्हावे लागते, आणि कोंड्याचे कण ते जाळे कापतात. शिवाय कोंडा पाणी शोषतो. म्हणून पीठ थोडे सैल भिजवून अर्धा तास मुरू दिले की पाव मऊ होतो. दोन-तीन पावांसाठी वेगळी भट्टी परवडत नाही, म्हणून शेजारच्या तीन घरांनी मिळून आठवड्यातून दोनदा पाव सांगायला सुरुवात केली. आजही आमच्या पावात चौथा हिस्सा मैदा असतो. मुले आवडीने खातात, म्हणून मी तिथेच थांबले.

उरलेल्या दिवसांचे काय? इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. घराघरांत ब्रेड शिरला तो चवीमुळे नव्हे, सकाळच्या घाईमुळे. साडेसहाला शाळेची गाडी येते, तेव्हा भाकरी थापायची कोणी? "पौष्टिक खा" म्हणणे सोपे असते, पण त्याचे ओझे घरातल्या एकाच बाईच्या पाठीवर पडणार असेल, तर तो बदल महिनाभरही टिकणार नाही. म्हणून आम्ही कामे वाटून घेतली. कणीक रात्रीच भिजवून फ्रिजमध्ये ठेवायची. पोळ्या मी लाटते, यजमान भाजतात आणि डबे भरतात. गिरणीचे काम मोठ्या मुलाकडे. एक दिवस थालीपीठ, एक दिवस नागलीचे धिरडे. रात्रीच्या पोळ्या उरल्या, तर सकाळी त्यांचा कुस्करा.

आणि रविवारची मिसळ? नाशिकला राहून मिसळ सोडा म्हणणारा डॉक्टर इथे फार दिवस टिकणार नाही! मिसळ आम्ही खातो. मात्र तीन-चार पावांऐवजी एक पाव घेतो, मोडाची मटकी जास्त, तर्री बेताची, वर कांदा आणि लिंबू.

दोन महिन्यांत धाकट्याचे औषध सुटले. यजमानांचा आकडा तीन महिन्यांनी ५.९ आला. अर्थात ते रोज संध्याकाळी गोदाकाठी चालायलाही जाऊ लागले होते, त्यामुळे सगळे श्रेय पावाला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पाकीट कसे वाचावे?

१) घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिले नाव संपूर्ण गव्हाच्या पिठाचे किंवा आट्याचे असावे. 'परिष्कृत गव्हाचे पीठ' म्हणजे मैदाच.

२) रंगाला भुलू नका. १५० हा क्रमांक किंवा कॅरामल हे नाव दिसले, तर तो तपकिरी रंग वरून घातलेला आहे.

३) 'मल्टिग्रेन' म्हणजे अनेक धान्ये. ती किती, हे नावावरून कळत नाही. वर पेरलेल्या चार तिळांनी पाव पौष्टिक होत नाही.

४) दर १०० ग्रॅमला ६ ग्रॅम किंवा अधिक तंतू असतील, तर पाव चांगला. साखर आणि मीठ यांचे आकडेही पाहा.

आपल्या जिल्ह्याचे भांडार

महागडा पाव परवडत नाही, म्हणून कोणी खंतावू नये. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे नागली पिकते. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. येवला, सिन्नर, मालेगावच्या बाजरीत लोह चांगले आहे. निफाडजवळ कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्रातून त्र्यंबक, गोदावरी, तपोवन अशा आपल्याच मातीतल्या नावांचे गहू बाहेर पडले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हा शहरातली दुकाने नागलीच्या बिस्किटांनी भरली. आपल्या आजीच्या तव्यावर नागली होतीच. बिस्किटापेक्षा तिची भाकरी केव्हाही बरी, कारण तिच्यात साखर आणि तूप नसते.

थोडी सावधगिरी

तंतू वाढवताना पाणीही वाढवा, नाहीतर मलावरोध उलट बळावतो. मधुमेहींनी लक्षात ठेवावे की कणकेच्या पावानेही साखर वाढते, फक्त जरा सावकाश. म्हणून मोजूनच खावे. कोंड्यातील फायटेट लोह शोषू देत नाही, तेव्हा जेवणात लिंबू, पेरू, आवळा असू द्या आणि चहा जेवणाला लागून घेऊ नका. गव्हाचे वावडे, म्हणजे सीलिॲक हा विकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदल करावा. मुलाच्या शौचात रक्त दिसले, तर आहारावर भागवू नका, आधी तपासून घ्या.

शेवटी एक अगदी सोपे काम. गिरणीतून आलेली कणीक पुष्कळ घरांत बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देतात. पोळी जरा गोरी दिसते एवढेच. उद्यापासून ती चाळणी खुंटीला अडकवा. यासाठी एक पैसाही खर्च नाही. पंधरा दिवसांनी पावाचा विचार करा, आणि तोही जुन्यात नवे थोडे थोडे मिसळून. गुरुजींनी तसेच केले. आता ते सकाळी चार स्लाइसऐवजी एक पोळी आणि वाटीभर उसळ खातात, आणि दवाखान्यात येताना शेजाऱ्यांची पाकिटे वाचायला घेऊन येतात.