घर नाशिकला, नोकरी पुण्याची

पंचवटी एक्सप्रेस 1975 साली सुरू झाली आणि नाशिकला घर ठेवून मुंबईत नोकरी करणाऱ्या पासधारकांची एक अख्खी पिढी तिच्या भरवशावर जगली. सकाळी नाशिकरोडला गाडी धरायची, कसारा घाट उतरायचा, रात्री परत. घर सुटू नये म्हणून या माणसांनी दिवसाचे सात-सात तास रेल्वेला दिले. त्यांच्या इंजिनीअर मुलांना मात्र तेवढाही मार्ग नव्हता. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मेकॅनिकलवाल्यांची सोय लागायची. सॉफ्टवेअरवाल्यांनी पुण्याचं हिंजवडी नाहीतर बंगळुरू गाठायचं आणि दिवाळीला घरी यायचं.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि ही मुलं लॅपटॉप घेऊन परतली. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, सगळीकडे मागची खोली ऑफिस झाली. लाइट गेली तरी कॉल तुटू नये म्हणून इन्व्हर्टर आले. मीटिंग सुरू असली की आई मिक्सर लावायची नाही. सप्टेंबर 2020 पासून राज्य सरकारनं मुद्रांक शुल्कात आधी 3 आणि मग मार्च 2021 पर्यंत 2 टक्क्यांची सवलत दिली, तेव्हा पुण्याचं भाडं वाचलेल्या अनेकांनी इथंच फ्लॅट घेतले. आजारी वडिलांजवळ मुलगा होता, नातवंडं आजीच्या हातचं जेवत होती. नाशिकच्या घरांना इतकं मोठं सुख क्वचितच मिळालं असेल.

मग बोलावणी आली. टीसीएसनं 1 ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायला सांगितलं. काही कंपन्यांनी दोन-तीन दिवसांवर भागवलं. घराचे हप्ते मात्र नाशिकचेच राहिले. सोमवारी पहाटे ठक्कर बाजार स्टँडवर जाऊन बघा, पुण्याच्या गाडीसाठी पाठीला लॅपटॉप लावून कितीजण उभे असतात. सिन्नर, नारायणगाव, चाकणची कोंडी, असे दोनशे किलोमीटरहून जास्त. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला, मुंबई जवळ आली. नाशिक-पुणे रेल्वे मात्र अजून कागदावर आहे.

आणि अंबडला एमआयडीसीनं आयटीसाठी बांधलेली इमारत वर्षानुवर्षं बहुतेक रिकामीच राहिली. अनुभवी माणसं आपणहून शहरात आली होती, तेव्हाच कंपन्यांना इथं शाखा काढायला लावण्याचा नेट धरायला हवा होता. आपण तो धरला नाही. 2027 च्या कुंभमेळ्यासाठी मंत्र्यांपासून महापालिकेपर्यंत सगळे कामाला लागले आहेत. त्यांतल्या कुणीतरी या मुलांच्या नोकऱ्यांसाठीही कंपन्यांच्या दारात जावं.