पत्त्यांची यादी ही अमानत

आपल्या ट्रस्टच्या सभासद कुटुंबांतील पुष्कळ मंडळी टोकरखाडा व सिल्वासा परिसरात लहानमोठा व्यवसाय करतात. नवा माल आला, भाव बदलले, सणाची सुट्टी आहे, हे गिऱ्हाइकांना कळविण्यासाठी पूर्वी हस्तपत्रके वाटीत; आता ई-मेलने वार्तापत्र धाडता येते. हे काम करून देणाऱ्या खास कंपन्या आहेत. त्या नेमके काय करतात, व व्यापाऱ्याकडे कोणती जबाबदारी उरते, हे थोडक्यात पाहू.

ई-मेल तर फुकट आहे, मग मध्यस्थ कशाला, असे कोणी विचारील. पण साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपलीकडे पत्र जात नाही. शिवाय नवखा माणूस सर्वांचे पत्ते एकाच पत्रावर घालतो, आणि प्रत्येकाचा पत्ता इतरांना दिसतो. कंपनी प्रत्येकाला स्वतंत्र पत्र पाठविते, बंद पडलेले पत्ते वगळते, किती पत्रे पोहोचली याचा हिशेब देते आणि पत्राच्या तळाशी 'नाव कमी करा' ही सोय ठेवते. अमेरिकेत अटलांटा येथे २००१ साली निघालेली मेलचिंप ही कंपनी लहान व्यापाऱ्यांच्या अशाच कामावर मोठी झाली. आपल्याकडे, १९९५ साली 'इंडियावर्ल्ड' सुरू करणारे राजेश जैन यांनी मुंबईत स्थापिलेली नेटकोर या क्षेत्रात परिचित आहे.

परंतु या कंपन्यांचे खरे भांडवल यंत्रे नव्हेत, तर पत होय. पत्र टपालपेटीत टाकावयाचे की कचऱ्यात, हे गूगल, याहू यांसारख्या संस्था पाठविणाऱ्याची पत पाहून ठरवितात. फेब्रुवारी २०२४ पासून, दिवसाला ५,००० वा अधिक पत्रे पाठविणाऱ्यांवर गूगलने अटी घातल्या: पत्र खरोखर त्यांचेच असल्याची तांत्रिक खूण हवी, जाहिरातीच्या पत्रांतून नाव एका कळीसरशी कमी करता यावे, आणि तक्रारी हजारी ३ च्या आत असाव्यात. एकाच यंत्रावरून अनेक व्यापाऱ्यांची पत्रे जातात. त्यामुळे एकाच्या तक्रारींनी शेजाऱ्याचीही पत्रे अडकतात. म्हणूनच विकत घेतलेल्या याद्या वापरण्यास चांगल्या कंपन्या मनाई करतात.

न विचारता पाठविलेल्या जाहिरातीचा त्रास जुनाच आहे. १९७८ साली अमेरिकेत गॅरी थर्क यांनी सुमारे ४०० जणांना एका संगणकाची जाहिरात धाडली, तेव्हाही लोक संतापले होते. आपल्या देशात २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने, संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, हे तत्त्व मान्य केले आहे.

तेव्हा ज्यांना ही सेवा घ्यावयाची आहे त्यांनी बिल करतेवेळी गिऱ्हाइकाला स्पष्ट विचारावे, होकाराची तारीख लिहून ठेवावी, जे सांगितले तेवढेच पाठवावे, आणि ती यादी सख्ख्या भावाच्या दुकानासही देऊ नये. हाच न्याय आपल्या ट्रस्टच्या सभासद-यादीलाही लागू आहे. ती शिष्यवृत्ती, सभा व मदत यांसाठी लोकांनी विश्वासाने दिलेली आहे. कोणा सभासदाचा माल खपविण्यासाठी नव्हे. सोपविलेली ठेव जशीच्या तशी राखणे यालाच अमानत म्हणतात, आणि पत्ता हीदेखील एक ठेवच आहे.