नकाशावरील बोधचिन्ह

विद्यार्थ्यांनो, इमारतीचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बहुधा एक चौकट असते. तिला 'टायटल ब्लॉक' म्हणतात. तिच्यात नकाशाचे नाव, क्रमांक, प्रमाण आणि तारीख असते. नकाशा कोणी काढला, कोणी तपासला, हेही तेथेच लिहितात. शेजारी कंपनीचे बोधचिन्ह असते. नकाशात चूक निघाली, तर जबाबदार कोण हे या चौकटीवरून कळते.

पूर्वी नकाशे हाताने काढत. १९८२ साली 'ऑटोकॅड' ही संगणक-प्रणाली आली. तिच्यात बोधचिन्ह दोन रीतींनी घालता येते. पहिली रीत म्हणजे चित्र जोडणे. पण हे चित्र वेगळ्या फाइलमध्ये राहते. नकाशाची फाइल एकटीच पाठवली, तर चित्राच्या जागी नुसते फाइलचे नाव दिसते!

दुसरी रीत अधिक चांगली. बोधचिन्ह रेषांनी आखावे व त्याचा 'ब्लॉक' करावा. तो नकाशाच्या फाइलमध्येच साठवला जातो. लहानमोठा केला तरी त्याच्या रेषा स्वच्छ राहतात. तो नमुना-फाइलमध्ये एकदा ठेवला, की त्या नमुन्यावरून सुरू केलेल्या प्रत्येक नकाशावर आपोआप येतो.

नकाशा बांधकामाच्या जागी जातो, तेव्हा तो काढणारा सोबत नसतो. म्हणून त्याची ओळख नकाशासोबतच गेली पाहिजे.