फोमच्या बंदुकीचा ‘जोर’ वाढवण्यापूर्वी

सुट्टी लागली की घरोघर फोमच्या गोळ्यांचं युद्ध सुरू होतं. केर काढताना सोफ्याखालून, कपाटामागून, इतकंच काय, तांदळाच्या डब्यामागूनही निळ्या-केशरी गोळ्या निघतात! तिथवर आपण चालवून घेतो. पण दहा-बारा वर्षांचा मुलगा (आणि हल्ली मुलगीही, बरं का) ‘‘आई, हिचा जोर वाढवायचाय, स्क्रू-ड्रायव्हर दे,’’ म्हणून मागे लागला की काय करायचं? माझं विचाराल तर मैत्रिणींनो, खुशाल द्या. फक्त समोर बसा, आणि काय करायचं नि काय नाही, ते तुम्ही ठरवा.

आत असतं तरी काय? रॉकेलचा स्टोव्ह ज्यांनी पेटवलाय त्यांना फार सांगायला नको. स्टोव्हच्या पंपासारखा एक दट्ट्या, त्यावर रबराचं कडं आणि मागे स्प्रिंग. खटका दाबला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, पुढची हवा दाबली जाते आणि ती हवा गोळी फेकते. स्प्रिंग गोळीला शिवतसुद्धा नाही. म्हणून जोर कमी झाला की बरेचदा स्प्रिंग बिचारी ठीक असते, हवा निसटत असते. स्टोव्हचा वॉशर सुकल्यावर पंप मारून हात भरून येतो ना, तसंच!

उघडण्याआधी गोळ्या काढा, ताणलेली स्प्रिंग सोडा, बॅटरीवरची असेल तर सेलही काढून ठेवा. स्क्रू सगळे एकाच लांबीचे नसतात. इडलीपात्राची एक ताटली घ्या आणि ज्या कोपऱ्यातला स्क्रू त्या खळग्यात ठेवा. कवच उचलल्याबरोबर, काही हलवण्यापूर्वी, फोनवर फोटो काढा. आतले केस आणि धूळ पुसून घ्या. रबराचं कडं सैल वाटलं तर त्याच्याखाली नळाला लावतात त्या पांढऱ्या टेपचे एक-दोन वेढे द्या. जास्त दिलेत तर दट्ट्या अडकेल. वर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा. शिवणयंत्राचं तेल किंवा व्हॅसलिन नको, त्यानं रबर खराब होऊ शकतं. आता नळीचं तोंड अंगठ्यानं बंद करून दट्ट्या सावकाश हातानं दाबा. विरोध जाणवला की काम झालं.

इथेच थांबावं असं मी म्हणेन. मुलं पुढचं मागतात: जाड स्प्रिंग घालायची आणि हवा अडवणारी छोटी झडप काढून टाकायची. बऱ्याच बंदुकांत ही झडप असते. नळीत गोळी नसताना ती हवा रोखते आणि दट्ट्याचा दणका आतल्या प्लॅस्टिकला बसू देत नाही. जाड स्प्रिंगनं तर खटक्याची प्लॅस्टिकची पकडच तुटते. आणि हिशेब पाहा: गोळीचा वेग दुप्पट झाला तर तिचा मार दुप्पट नाही, चौपट होतो.

नर्फ हे नाव १९६९ साली आलं ते घरात खेळायच्या फोमच्या चेंडूसाठी. मऊपणा हेच त्याचं भूषण होतं. पण डोळ्याला मऊ-कठीण कळत नाही. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ साली अशा गोळ्या लागलेल्या तीन रुग्णांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात दिली. त्यांतला एक अकरा वर्षांचा मुलगा होता. तिघांच्याही डोळ्यांत आत रक्त उतरलं होतं, आणि या बंदुका जोर वाढवलेल्या होत्या असंही नाही. स्वस्तातल्या नकली गोळ्यांचं टोक कधी कधी जास्त कडक असतं, तेही बोटानं दाबून बघावं. साध्या चष्म्यावर विसंबू नका; हार्डवेअरच्या दुकानातले बाजूनं झाकलेले गॉगल सगळ्या सैन्याला घालायला लावा. तरीही डोळ्याला लागलंच तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, दुखणं थांबलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं.

नवीन घेताना खोक्यावर आयएसआय चिन्ह पाहा; जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते सक्तीचं आहे.

आणि जोर कमी होण्याचं एक कारण बंदुकीत नसतंच! चुरगळलेली गोळी नळीत नीट बसत नाही, आणि हवा बाजूनं निघून जाते. अशा गोळ्या चिमट्यात धरून पाण्याच्या वाफेवर थोडा वेळ फिरवा. फोम फुगून पुन्हा गोल होतो. रबरी टोक तेवढं वाफेबाहेर ठेवा, नाहीतर डिंक सुटेल. हे काम मात्र तुम्हीच करा, वाफेपाशी मुलं नकोत.