शेजारधर्म आणि चौथा मजला

जुलै २०२४ मध्ये हरयाणा सरकारने निवासी भूखंडांवर वाहनतळाचा खुला तळमजला आणि त्यावर चार मजले बांधण्यास पुन्हा वाट मोकळी करून दिली. त्याआधी सुमारे दीड वर्ष या परवानग्या स्थगित होत्या. ज्या वसाहतींच्या मूळ आराखड्यात एका भूखंडावर चार कुटुंबे गृहीत धरलेली नव्हती, तेथे मात्र एक लक्षणीय अट घातली गेली. शेजारच्या भूखंडधारकांची करारपूर्वक संमती घ्या, नाहीतर त्यांच्या बाजूला प्रत्येक मजल्यावर १.८ मीटर जागा मोकळी सोडा. आपल्या बांधकाम नियमावल्यांत चटईक्षेत्र, उंची, सामासिक अंतर यांचा ऊहापोह असतो; शेजारी नावाचा माणूस त्यांत अभावानेच भेटतो. येथे तो निदान अटीच्या रूपाने अवतरला.

या अटीमागे खरी व्यथा आहे. गुरुग्राम, फरिदाबाद, पंचकुला येथील जुन्या वसाहती एका भूखंडावर एक कुटुंब या हिशेबाने वसल्या. अनेक ठिकाणी घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एक घर विकले जाते, विकासक ते पाडतो, तळघरासाठी खोल खणतो, आणि शेजारच्या निवृत्त दांपत्याच्या भिंतीला तडे जातात. इमारत उभी राहिली की त्यांच्या अंगणातले ऊन जाते. पुढे चार कुटुंबांच्या मोटारी त्याच अरुंद रस्त्यावर येतात, सांडपाणीही त्याच जुन्या वाहिनीत. चंडीगडच्या १ ते ३० क्रमांकाच्या सेक्टरांत एका घराचे स्वतंत्र मजल्यांत विभाजन करण्यास सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मनाई केली, तीही तेथील रहिवाशांच्याच याचिकेवरून.

हा प्रश्न आजचा नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील तिसऱ्या अधिकरणात घर, शेत, बाग, तलाव यांच्या वादांत शेजाऱ्यांची साक्ष प्रमाण मानली आहे. पावसाचे पाणी कोठून काढावे, दोन घरांत किती अंतर असावे, याचेही नियम तेथे आहेत. घर विकताना आप्तांच्या खालोखाल शेजाऱ्यांना खरेदीचा अग्रहक्क दिला आहे. शेजारी म्हणजे केवळ योगायोगाने लगत राहणारा इसम नव्हे, त्या जागेच्या व्यवहारात त्याचाही काही वाटा असतो, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने हाच विचार ब्रिटिश चौकटीत बसवला. लगतच्या जमिनीने आपल्या जमिनीला आधार द्यावा, हा त्यात नैसर्गिक हक्क आहे. पण तो मोकळ्या, न खणलेल्या जमिनीपुरता. घराचा भार पेलणारा आधार, तसेच प्रकाश आणि हवा यांवर हक्क सांगायचा, तर २० वर्षांचा अखंड उपभोग सिद्ध करावा लागतो. ज्यांची घरे जुनी आहेत त्यांना तो सिद्ध करता येईलही. परंतु दिवाणी न्यायालयात तारखांमागून तारखा पडत असताना शेजारची इमारत पूर्ण झालेली असते. कायदा भरपाई देईल, गेलेले ऊन परत आणणार नाही.

मग संमती हाच उपाय मानावा काय? मला तसे वाटत नाही. शहरांना घरांची गरज आहे, आणि आधी येऊन बसलेल्याला नंतर येणाऱ्याची वाट कायमची अडवण्याचा अधिकार देणे न्याय्य नाही. नकाराधिकार हाती आला की त्याची किंमतही ठरू लागते. प्रशासनात असताना मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ बांधकामात नव्हते, ते न सांगता केलेल्या बांधकामात होते. एके सकाळी यंत्र दारात उभे राहते आणि तेव्हाच शेजाऱ्याला बातमी कळते.

म्हणून संमतीपेक्षा पूर्वसूचना मोलाची. बांधकामाचा आराखडा परवानगीपूर्वी महिनाभर आधी लगतच्या घरांना द्यावा. खोदाईपूर्वी त्यांच्या भिंतींची तटस्थ अभियंत्याकडून छायाचित्रांसह नोंद करावी, आणि विकासकाने अनामत ठेवावी. तडे गेले तर दुरुस्ती त्यातून, न गेले तर रक्कम परत. कामाच्या वेळेबाबत तर नियम आहेच: ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवता येत नाहीत. तो पाळला गेला तरी निम्मी भांडणे मिटतील.

जुन्या रहिवाशांचेही कर्तव्य आहे. अनेक रहिवासी संघ घरमालकांपुरतेच मर्यादित असतात. भाडेकरू, पहारेकरी, धुणीभांडी करणाऱ्या बाया यांना तेथे मत नसते. फाटकावर नोंद मात्र त्यांचीच होते. आपल्या उन्हासाठी न्यायालयात जाणारे आपण फाटकाबाहेर दुपारी सावली शोधत बसलेल्या त्या बाईला शेजारी मानणार की नाही? चौथ्या मजल्याबद्दल शेजाऱ्याला विचारा, असे बजावण्याचा नैतिक अधिकार या उत्तरावरच अवलंबून आहे.