शूमचा कोपरा

आज मॉरिटानियातल्या शिंगेतीला पोचायचं ठरलं होतं. पण गेल्या लेखासोबतचा रेल्वेचा नकाशा नाशिकच्या भूगोलाच्या एका बाईंनी पेन्सिलीनं रेघ मारून परत पाठवलाय, आणि त्या रेघेनं मला आठवडाभर दुसरं काही सुचू दिलेलं नाही. झुएरातच्या खाणीपासून रूळ दक्षिणेला येतात, शूम नावाच्या वस्तीपाशी वळतात आणि मग पश्चिमेला नुआधिबूच्या बंदराकडे जातात. एकूण ७०४ किलोमीटर. बाईंची पेन्सिल झुएरातहून थेट नुआधिबूला गेली आहे, ते अंतर पाचशेच्या आसपास भरतं. खाली प्रश्न : ‘त्रिकोणाचा कर्ण मोकळा असताना गाडी दोन बाजूंनी का फिरते? मध्ये डोंगर आहे का?’

डोंगर नाही. मध्ये बहुतेक सपाट माळ आणि वाळू आहे. आड येते ती पश्चिम सहाराची, म्हणजे एकेकाळच्या स्पॅनिश मुलखाची, सरहद्द. मॉरिटानियाच्या उत्तरेत जायचा बेत करणाऱ्यानं हॉटेल आणि गाड्यांच्या आधी ही सरहद्द समजून घ्यावी, कारण तिथले सगळे मार्ग तिनंच आखलेले आहेत.

२७ जून १९०० रोजी पॅरिसमध्ये फ्रान्स आणि स्पेननं आफ्रिकेतल्या या वाळूची वाटणी केली. किनाऱ्यावर एक लांबट द्वीपकल्प समुद्रात उतरतं, त्याच्या टोकाला काप ब्लांक म्हणतात. ते उभं चिरून पश्चिमेचा अर्धा भाग स्पेनला, पूर्वेचा फ्रान्सला. पुढे सरहद्द २१ अंश २० मिनिटं अक्षांशावरून सरळ पूर्वेला जाते आणि १३ अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास उत्तरेला वळते. हा कोपरा जिथे होतो, त्याच्या आतल्या बाजूला, अगदी चिकटून, शूम आहे. रूळ तिथे वळतात कारण देश तिथे वळतो.

पण खरी गंमत त्याच्याही उत्तरेला आहे. तिथे सरहद्दीला एक पोक आलंय, पश्चिमेकडे फुगलेलं. हे पोक करारात मुद्दाम लिहून घेतलं होतं : इज्जिलची मिठागरं फ्रान्सकडे राहावीत म्हणून. त्या काळी या मुलखात मोलाची चीज होती मीठ. इज्जिलच्या कोरड्या तळ्यातून मिठाच्या लाद्या खणून काढायच्या, उंटांवर लादायच्या आणि दक्षिणेला, आजच्या मालीच्या बाजूला, विकायच्या. पॅरिसच्या टेबलावर बसलेल्यांना मीठ दिसत होतं. मिठागरांच्या शेजारी उभा असलेला केदियत इज्जिल हा काळानिळा डोंगर जवळपास लोखंडाचाच आहे, याचा हिशेब कुणाच्या मनात नव्हता. मिठासाठी काढलेल्या पोकात पुढे देशाची तिजोरी सापडली. (डोंगरात मॅग्नेटाइट इतकं आहे, की त्याच्या आसपास होकायंत्र भरकटतं. झुएरातकडे जाणार असाल तर दिशेसाठी त्याच्यावर विसंबू नका.)

खनिज काढायला १९५२ साली मिफेर्मा ही कंपनी उभी राहिली. १९६० मध्ये जागतिक बँकेनं तिला ६ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज दिलं. लोखंड होतं, पैसा आला, प्रश्न उरला समुद्र गाठायचा. झुएरातहून सर्वांत जवळचं चांगलं बंदर म्हणजे आजचं दाख्ला, तेव्हाचं व्हिया सिस्नेरोस. अंतर नुआधिबूच्या मार्गाच्या जवळपास निम्मं, पण बंदर स्पॅनिश. बरं, नुआधिबूलाच जायचं तरी कर्ण स्पॅनिश हद्दीतून जातो. स्पेननं नाही म्हटलं नव्हतं. रूळ टाका, पण आमच्या अटींवर, असं म्हटलं. त्या अटी फ्रेंचांना मानवल्या नाहीत आणि त्यांनी ठरवलं, एक रूळसुद्धा पलीकडे पडता कामा नये.

ही जिद्द महागात पडली ती शूमपाशी. तिथे सरहद्दीच्या आत राहून वळायचं तर कठीण ग्रॅनाइटचा उंचवटा आडवा येतो, आणि त्याला वळसा घालणारी सपाट जमीन सरहद्दीपलीकडे. म्हणून फ्रेंच इंजिनियरांनी सरहद्दीला समांतर सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा फोडला. आपला करबुड्याचा बोगदा याच्या तिप्पट लांब आहे, पण कोकण रेल्वेला सह्याद्रीनं दुसरी वाट ठेवली नव्हती. इथे शेजारी मोकळी वाळू पसरलेली असताना लोक वाळवंटातला दगड फोडत बसले. १९६३ मध्ये गाडी सुरू झाली. तोवर मॉरिटानिया स्वतंत्र होऊन अडीचेक वर्षं उलटली होती आणि ज्यांचं आपसात पटेना त्यांतल्या एकाचं राज्य इथून गेलंही होतं.

या बोगद्याची टिंगल करायची प्रवाशांत रीतच आहे. युरोपीय अहंकाराचं स्मारक म्हणून त्याचे फोटो काढतात. मला ती टिंगल पटत नाही. समजा, फ्रेंचांनी अटी मान्य केल्या असत्या आणि रूळ कर्णावरून गेले असते. १९७५ मध्ये स्पेन तिथून निघाला, मोरोक्को आणि मॉरिटानियानं तो प्रदेश वाटून घेतला, आणि पोलिसारिओ या सहरावी संघटनेनं दोघांशी युद्ध मांडलं. मॉरिटानियाची नस त्यांना नेमकी ठाऊक होती : ही रेल्वे. स्वतःच्या हद्दीतल्या रुळांवर हल्ले झाले तर देश इतका खिळखिळा झाला, की १९७८ मध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि १९७९ मध्ये मॉरिटानियानं त्या प्रदेशावरचा हक्कच सोडला. रूळ पलीकडून गेले असते तर खाण मॉरिटानियाची आणि रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात, अशी गत झाली असती. हे फ्रेंचांनी ओळखलं होतं असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या हट्टाचा फायदा भलत्यालाच झाला, हे खरं.

आणि आज? १९९१च्या सुमारास बोगदा सोडून दिला. आता गाडी बाहेरच्या सपाटीवरून जाते आणि पाचेक किलोमीटर पोलिसारिओच्या ताब्यातल्या पश्चिम सहारातून धावते. शिक्का नाही, चौकी नाही, गाडीतल्या माणसाला कळतही नाही.

आता बेताकडे. मॉरिटानियापुरतं युद्ध संपलं तरी सुरुंग राहिले. पश्चिम सहाराच्या सरहद्दीलगत ते अजून जमिनीत आहेत आणि रुळांच्या उत्तरेला सरहद्द कुठे कुठे फारच जवळ येते. म्हणून नुआधिबूहून शूमकडे जीपनं जायचं असेल तर रूळ कायम तुमच्या डाव्या हाताला हवेत. चाकोरी उजवीकडे कितीही खराब असो, डावीकडची कितीही गुळगुळीत दिसो, रूळ ओलांडायचे नाहीत. अतारकडच्या जुन्या ड्रायव्हरांना हे सांगावं लागत नाही. स्वतः गाडी चालवण्याची हौस असलेल्या पुणेकर मित्रमंडळींना मात्र सांगतो : या टप्प्यावर हौस बाजूला ठेवा आणि स्थानिक माणूस घ्या.

मी सुचवतो तो क्रम असा. राजधानी नुआकशोतहून डांबरी रस्त्यानं अतार, तिथून शिंगेती आणि वादान, मग अतारहून शूम, शूमहून रेल्वेनं नुआधिबू आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं परत नुआकशोत. उलटंही करता येतं, पण मग रिकामी गाडी अपरात्री शूमला उतरवते आणि अंधारात अतारची गाडी शोधावी लागते. खनिजाच्या ढिगावर बसून जायचं स्वप्न घेऊन येणारे पुष्कळ. गाडी अडीच किलोमीटर लांब, दोनशेच्या वर डबे, एकेका डब्यात ८४ टनांच्या आसपास माल. तिथले लोक वर्षानुवर्षं या डब्यांतून जातात, शेळ्या, सामानाची पोती, सगळं घेऊन. त्यांना दुसरी सोय नाही. परदेशी पाहुण्यांना मात्र अलीकडे अडवलं जातं, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. लोखंडाची भुकटी, डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीची थंडी, आणि डबे एकमेकांवर आदळतात तेव्हाचा धक्का. खाली पडलं तर थांबवणारं कुणी नाही. शेवटी माणसांचा डबा जोडलेला असला तर त्यात बसा. डोक्याला, नाकातोंडाला गुंडाळायला लांब सुती कापड घ्या, कॅमेरा दोन प्लास्टिक पिशव्यांत. फिशची, म्हणजे चौक्यांवर द्यायच्या पासपोर्टच्या तपशिलाच्या कागदांची, थप्पी वर, हाताशी.

पिवळ्या तापाच्या लशीबद्दल पुन्हा विचारणा आली आहे. मॉरिटानिया त्या तापाच्या देशांत मोडतो, त्यामुळे प्रश्न तिथे शिरण्यापेक्षा मुंबईला परतण्याचा आहे : दाखला नसेल तर विमानतळावरून घरी नव्हे, सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचलेली हवी.

राहिला गाडीच्या वेळेचा प्रश्न. वेळापत्रक असं नाही. शूमला दुपारपासून थांबायची तयारी ठेवा. गाडी संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, नाहीतर दुसऱ्या दिवशी. त्यामुळे रेल्वेच्या दुसऱ्या दिवसाला विमान कधीच जोडू नये. मध्ये नुआधिबूचे दोन दिवस टाकावेत. तिथे त्याच चिरलेल्या द्वीपकल्पाच्या टोकाला दुर्मीळ भूमध्यसागरी सीलची जगातली सर्वांत मोठी वसाहत आहे. ती पाहायला मॉरिटानियाच्या बाजूनंच जायचं. पलीकडच्या अर्ध्यातलं ला ग्वेरा हे ओसाड स्पॅनिश गाव लांबून खुणावतं, तिकडे पाऊल टाकायचं नाही. गाडी वेळेवर आली तर दोन्ही दिवस किनाऱ्याला द्या. उशिरा आली तर सील हुकतील, विमान हुकणार नाही.