फाळक्यांचा वाटाणा

तर पोरांनो, आपल्या लोणावळ्यात एक हरहुन्नरी माणूस राहून गेला. धुंडिराज गोविंद फाळके. सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात. स्वदेशीचं वारं सुटलं तशी त्यांनी पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडली आणि इथे छापखाना काढला. पलीकडे मळवलीला रविवर्मा प्रेस होता, त्याची कामं फाळके करून देत. शिळाछाप म्हणजे चिकाटीचं काम. दर रंगाला वेगळा दगड. एक दगड जरा सरकला, की देवीच्या ओठांचा लाल थेट हनुवटीवर!

पुढे 1911 साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि झपाटले. 1912 मध्ये लंडनला जाऊन कॅमेऱ्याची तजवीज केली. पण चित्रपटाला पैसा कोण देणार? पैसेवाल्यांना नमुना दाखवायला म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा मांडला.

वाटाणा वाढतो, पण वाढताना दिसतो का? तो इतका सावकाश हलतो, की आपल्याला पत्ताच लागत नाही. मग थांबून थांबून एकेक चित्र घ्यायचं आणि नंतर सगळी भराभर दाखवायची. तेव्हा सेकंदाला साधारण 16 चित्रं लागत, म्हणजे मिनिटाला 960. महिन्याचे तास 720. करा हिशेब! दर पाऊण तासाला एक चित्र घेतलं, तर महिना मिनिटात मावतो. फाळके महिनाभराहून जास्त त्या कुंडीमागे होते. पडद्यावर बी फुटलं, कोंब आला, बघता बघता वेल झाली. ‘अंकुराची वाढ’ नावाचा हा छोटा चित्रपट बघून कर्ज देणारे भेटले आणि 3 मे 1913 रोजी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट झळकला.

त्याच सुमारास तिकडे पोलिश घराण्यातला व्लादिस्लाव स्तारेविच भुंग्यांचा चित्रपट करत होता. जिवंत भुंगे दिव्यांच्या उजेडात ढिम्म हलेनात. शेवटी त्याने मेलेल्या भुंग्यांना तारेचे पाय लावले आणि चित्रागणिक जरा जरा हलवून त्यांची झुंज लावली!

वाटाण्याची वेल मात्र आपणहून हलते. तिचे ताणे हवेत गोल फिरत आधार चाचपतात. काठी लागली की शिवलेली बाजू हळू वाढते, बाहेरची भरभर. म्हणून ताणा काठीला वळसा घालतो. परसातल्या काकडीचा पक्का बसलेला ताणा नीट बघा. अर्धे पीळ उजवीकडे, अर्धे डावीकडे. दोन्ही टोकं अडकलेली, मग एकाच बाजूला पीळ पडेल कसा? सुतळीची दोन टोकं बांधा आणि मधोमध धरून पिळा, लगेच कळेल.